अचानक आलेली वीज थकबाकी आणि प्रीपेड मीटर : हरकत कशी नोंदवावी

दरमहा बाराशे-पंधराशे रुपयांचे बिल मुदतीत भरणाऱ्या घरी एखाद्या महिन्यात साठ-सत्तर हजारांचे बिल येते. त्यात ‘मागील थकबाकी’ किंवा ‘फरकाची रक्कम’ यापलीकडे काही खुलासा नसतो, आणि पाठोपाठ जुना मीटर काढून प्रीपेड मीटर बसवणार असल्याचा निरोप येतो. अशा वेळी कोणी घाबरून सगळी रक्कम भरून टाकतो, तर कोणी रागाच्या भरात चालू महिन्याचे बिलही थांबवतो. एकदा भरलेली रक्कम परत मिळवायला बराच काळ जातो, आणि चालू बिल थांबवले तर वीज तोडण्याचे रास्त कारण आपणच कंपनीच्या हाती देतो. वीज अधिनियम, २००३ मध्ये या दोहोंच्या मधली एक वाट आहे. ती धरायची तर थकबाकी आणि मीटर हे दोन विषय प्रथमपासून वेगळे ठेवावेत आणि दोन्हींसाठी स्वतंत्र पत्रे द्यावीत. एकाच अर्जात दोन्ही तक्रारी घातल्या, की उत्तर हमखास सोप्या तक्रारीचे येते आणि अवघड तक्रार तशीच राहते.

अर्ज योग्य दारी जाणे महत्त्वाचे आहे, कारण मुंबईत वीज देणारी संस्था एक नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात मुख्यतः बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी इलेक्ट्रिसिटी, भांडुप-मुलुंड पट्ट्यात महावितरण, आणि शहर व उपनगर दोन्हींकडे काही ग्राहकांना टाटा पॉवर वीज पुरवते. बिलाच्या डोक्यावर ज्या संस्थेचे नाव आणि ज्या विभागीय कार्यालयाचा पत्ता छापलेला असेल, तेथेच लेखी अर्ज द्यावा. हेल्पलाइनवर बोलणे झाले तरी तक्रार क्रमांक घेऊन तो अर्जात लिहावा, कारण नुसत्या फोनची पुढे कोणी दखल घेत नाही.

मागणी नेमकी कशाची आहे

हरकत लिहिण्याआधी मागणीचा प्रकार ओळखावा लागतो. प्रकार बदलला की नियम बदलतो, आणि कंपनीला किती महिने मागे जाता येते तेही बदलते. त्यासाठी खातेउतारा मागावा. महावितरणमध्ये याला सीपीएल म्हणतात. इतर कंपन्यांकडे ‘महिनावार रीडिंग, युनिट, आकारणी आणि भरणा यांचा तक्ता’ असे सरळ लिहून मागितले तरी चालते. बेस्ट आणि महावितरण या सार्वजनिक संस्था असल्यामुळे तेथे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरूनही हा तक्ता मागता येतो. खासगी कंपनीकडे मात्र तो ग्राहक म्हणूनच मागावा लागतो.

तक्ता हाती आल्यावर प्रत्येक महिन्याच्या रीडिंगपुढे काय नोंद आहे ते पाहावे. काही महिने सरासरीने बिल आले असेल आणि नंतर प्रत्यक्ष रीडिंग घेऊन सगळा फरक एकदम लावला असेल, तर युनिटची बेरीज बरोबर असूनही बिल चुकीचे असू शकते. मुंबईतील घरगुती दर टप्प्यांनी वाढतात : पहिली १०० युनिटे, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. पाच महिन्यांत मिळून ८०० युनिटे जळाली असतील, तर दरमहा १६० युनिटांप्रमाणे प्रत्येक महिन्याची १०० युनिटे सर्वांत स्वस्त दराने आणि उरलेली ६० दुसऱ्या दराने आकारली गेली पाहिजेत. हीच ८०० युनिटे एका महिन्याची धरली, तर त्यातली ३०० सर्वांत महाग दरात जातात. २०२० च्या टाळेबंदीत रीडिंग बंद होते आणि त्या जूनमध्ये मुंबईभर भरमसाट बिले आली, तेव्हा वाद नेमका याच मुद्द्यावर होता. म्हणून अर्जात ‘वापर त्या त्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा’ हे वाक्य असलेच पाहिजे. त्याशिवाय वीज (ग्राहकांचे अधिकार) नियम, २०२० प्रमाणे एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती, म्हणजे प्रत्यक्ष रीडिंग न घेता काढलेली, बिले काढता येत नाहीत. सरासरीची बिले अटळ आपत्तीचे कारण नसताना त्यापुढेही चालू राहिली, तर प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत रक्कम भरण्यास ग्राहक नकार देऊ शकतो. कंपनी वर्षभर सरासरीची बिले पाठवत राहिली असेल, तर हरकतीचा सर्वांत मजबूत आधार बहुधा हाच असतो.

मागणी मीटर सदोष होता म्हणून असेल, तर मर्यादा आणखी आवळली जाते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमांनुसार, सदोष मीटरमुळे होणारी दुरुस्ती, वाद ज्या महिन्यात निर्माण झाला त्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती करता येते, आणि तीही तपासणीच्या निकालाप्रमाणे. मीटर पूर्ण बंद पडला असेल, तर त्याआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने आकारणी होते, पण तीसुद्धा तीन महिन्यांपलीकडे जात नाही. ‘मीटर दोन वर्षे हळू फिरत होता’ असे सांगून चोवीस महिन्यांचा फरक लावलेला दिसला, की प्रथम चाचणी अहवाल मागावा. अहवालच नसेल, तर ती मागणी अंदाजावर उभी आहे असे लेखी नोंदवावे.

जुनी खोली किंवा सदनिका विकत घेतलेल्यांची अडचण निराळी असते. आधीच्या मालकाने थकवलेले बिल नव्या मालकाच्या नावावर चढते, आणि ‘हे माझे नाही’ एवढे सांगून ते उतरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की तशी तरतूद नियमांत असेल, तर जागेची जुनी थकबाकी नव्या ताबेदाराकडून मागता येते. महाराष्ट्राच्या पुरवठा संहितेत ती तरतूद आहे, पण तिला मर्यादाही आहे : कायदेशीर वारसाकडे जागा आली असेल तो प्रसंग सोडून, नव्या मालकावर किंवा ताबेदारावर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकाराचीच जबाबदारी येते. खरेदीखत आणि ताबापत्र जोडून, सहा महिन्यांपलीकडची रक्कम काढून टाकावी अशी मागणी करावी. वडिलांच्या नावावरची चाळीतली खोली मुलांकडे आली असेल, तर ही सवलत मिळत नाही, हेही आधीच ठाऊक असावे. खोली हस्तांतरित होताना मीटरचे नाव बदलून घ्यायचे आळसाने राहून जाते आणि पुढे हाच घोळ उभा राहतो.

उरते ती कंपनीच्या स्वतःच्या चुकीतून निघालेली वसुली : दरवर्ग चुकीचा लावला गेला, गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्ट-पंपाच्या जोडणीला गुणांक (मीटरचे रीडिंग ज्या आकड्याने गुणून युनिटे काढतात तो) चुकीचा धरला, आणि लेखापरीक्षणात ते उघडकीला आले. येथे वीज अधिनियमाचे कलम ५६(२) लागू होते. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली असतील आणि ती या काळात बिलांत सातत्याने थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही, असे हे कलम सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०१९ मध्ये असा निर्णय दिला, की पहिली मागणी ज्या दिवशी केली त्याच्या मागे दोन वर्षांपलीकडच्या वापराचे पैसे वितरण कंपनीला मागता येत नाहीत. महाराष्ट्रातील ग्राहकाने हा निर्णय हरकतीत अवश्य नमूद करावा. कंपनी उत्तरादाखल सर्वोच्च न्यायालयाचा अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणातील फेब्रुवारी २०२० चा निकाल पुढे करील. त्या निकालानुसार प्रामाणिक चुकीने राहून गेलेल्या आकाराची पुरवणी मागणी मुदतीनंतरही करता येते. मात्र अशा वसुलीसाठी वीज तोडता येत नाही, हेही त्याच निकालात म्हटले आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीने तो भाग अधिक मोलाचा आहे. म्हणून हरकतीत दोन्ही मुद्दे घ्यावेत : दोन वर्षांपलीकडची रक्कम मान्य नाही, आणि तिच्यासाठी जोडणी तोडता येणार नाही.

पत्रावर कलम १२६ किंवा १३५ लिहिलेले असेल, तर हा सगळा मार्ग बाजूला राहतो. १२६ म्हणजे वीज अनधिकृतपणे वापरल्याचा आरोप. त्यात प्रथम तात्पुरता आकारणी आदेश येतो, त्यावर हरकत घेऊन सुनावणी मागता येते, आणि अंतिम आदेशाविरुद्ध तीस दिवसांत, निम्मी रक्कम भरून, कलम १२७ खाली अपील करावे लागते. १३५ म्हणजे वीजचोरीचा फौजदारी आरोप, आणि तेथे वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नये. दोन्ही बाबतीत पंचनाम्यावर रिकाम्या जागा असतील तर सही करू नये. मजकूर मान्य नसेल, तर ‘मजकूर अमान्य’ असा शेरा लिहून मगच सही करावी आणि प्रत मागून घ्यावी.

घरच्या घरी करायची पडताळणी

मीटर केबिनमध्ये वीस-पंचवीस मीटर ओळीने लावलेले असतात आणि दुरुस्तीत वायरी इकडच्या तिकडे होतात. त्यामुळे प्रथम बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक जुळतो का ते पाहावे. त्यानंतर घरातला मेन स्विच बंद करून कोणाला तरी खाली मीटरसमोर उभे करावे. मीटरवर बारीक लाल दिवा असतो आणि वीज वापरली जात असताना तो लुकलुकतो. मेन बंद असतानाही तो लुकलुकत राहिला, तर तो मीटर तरी दुसऱ्याच्या घराचा आहे, किंवा मीटर आणि घर यांच्यामध्ये कोणी वीज ओढत आहे, किंवा कुठे गळती आहे. मग मेन सुरू करून फक्त दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालवावा, बाकी सगळे बंद ठेवावे. थर्मोस्टॅटने गीझर मध्येच बंद होऊ नये म्हणून गरम पाण्याचा नळ हळू सोडून ठेवावा. रीडिंग साधारण एका युनिटाने पुढे सरकले पाहिजे. दीड-दोन युनिटांनी सरकले, तर मीटर तपासण्याची मागणी करण्यास कारण आहे. या सगळ्याचा व्हिडिओ काढावा. त्यात तारीख, मीटर क्रमांक आणि पडद्यावरचे आकडे स्पष्ट दिसावेत.

वीज टिकवण्यासाठी भरायची रक्कम

कलम ५६(१) प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादाच्या तरतुदीत, वाद मिटेपर्यंत वीज तोडू नये यासाठीची सोय दिली आहे. मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने दरमहा निघणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने हरकत नोंदवून भरली, तर जोडणी तोडता येत नाही. समजा सहा महिन्यांची सरासरी १,४०० रुपये आहे आणि बिल ६८,४०० रुपयांचे आले आहे. अशा वेळी वाद चालू असेपर्यंत दरमहा १,४०० रुपये भरत राहावे. एक महिनाही चुकवू नये, कारण संरक्षण या भरण्यावरच टिकून आहे.

अडचण अशी की ऑनलाइन भरणा करताना कित्येकदा पूर्ण रकमेशिवाय दुसरा आकडा स्वीकारला जात नाही, आणि ‘हरकतीसह’ असे लिहायला तेथे जागाही नसते. म्हणून भरणा केंद्रावर धनादेशाने पैसे भरावेत, धनादेशाच्या मागे ग्राहक क्रमांक आणि ‘कलम ५६ परंतुकाखाली हरकतीसह’ असे लिहावे, आणि त्याच दिवशी पुढील पत्र विभागीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर द्यावे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय तेथून हलू नये. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर मिळाले तर थांबावे.

पत्राचा मजकूर असा ठेवता येईल :

“प्रति, ग्राहक सेवा अधिकारी. विषय : ग्राहक क्रमांक ____, दिनांक ____ च्या बिलातील रु. ____ या रकमेवर हरकत. महोदय, वरील बिलात दाखवलेली रक्कम मला मान्य नाही. ही रक्कम कोणत्या कालावधीची आहे, कोणत्या रीडिंगवरून आणि कोणत्या दराने काढली आहे, याचा महिनावार तपशील आणि मीटर चाचणीचा अहवाल मला लेखी द्यावा. वापर संबंधित महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा, आणि नियमांतील कालमर्यादेपलीकडची रक्कम रद्द करावी. वाद मिटेपर्यंत मी वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६(१) च्या परंतुकाप्रमाणे मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम रु. ____ हरकतीसह आज भरली आहे. पावतीची प्रत जोडली आहे. त्यामुळे जोडणी तोडण्याची कारवाई करू नये. हे पत्र गाऱ्हाणे म्हणून नोंदवून नोंद क्रमांक कळवावा.”

रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार असेल, तर आणखी एक वाक्य घालावे. फेब्रुवारी २०२४ मधील केंद्रीय नियम दुरुस्तीनुसार अशा तक्रारीनंतर पाच दिवसांत कंपनीने जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी केली पाहिजे. ही तरतूद फार थोड्या ग्राहकांना माहीत असते आणि कार्यालयातूनही ती कोणी आपण होऊन सांगत नाही.

प्रीपेड मीटरचे काय

येथे कायद्याची बाजू सरळ नाही. कलम ४७(५) सांगते की प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. म्हणजे तेथे प्रीपेड ही ग्राहकाने निवडायची गोष्ट दिसते. २०२० च्या नियमांत मात्र जोडणी स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरनेच द्यावी असे म्हटले आहे, आणि त्याला अपवाद करण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. राज्यात विरोध वाढल्यावर जून २०२४ मध्ये, सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, अशी घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केली. त्यानंतर बसवले जाणारे स्मार्ट मीटर महिनाअखेर बिल देणारे आहेत. म्हणून मीटर बदलायला माणूस आला की पहिला प्रश्न ‘स्मार्ट की साधा’ असा नसून ‘प्रीपेड की पोस्टपेड’ असा असावा, आणि उत्तर लेखी घ्यावे. स्मार्ट मीटरला सरसकट अडवण्यात फारसा अर्थ नाही असे माझे मत आहे. कलम १६३ प्रमाणे जागेत प्रवेश नाकारला, तर लेखी नोटीस देऊन चोवीस तासांनंतर वीज तोडता येते, आणि थकबाकीच्या मूळ वादात आपली बाजू विनाकारण कमकुवत होते.

जोर द्यायचा तो दोन गोष्टींवर. वादातली रक्कम प्रीपेड खात्यावर चढवू नये, हे आधीच लेखी कळवावे. ती एकदा चढली, की प्रत्येक रिचार्जमधून तिचा हप्ता कापला जाऊ शकतो आणि हरकतीचा निकाल लागण्याआधीच वसुली होऊन जाते. आणि प्रीपेडच होणार असेल, तर आधी भरलेली सुरक्षा ठेव परत किंवा जमा करून मागावी.

दुसरी काळजी जुन्या मीटरची. तो काढून नेला आणि भंगारात गेला, तर थकबाकीच्या वादातला मुख्य पुरावाच नाहीसा होतो. म्हणून तो वाद मिटेपर्यंत सीलबंद ठेवावा आणि ग्राहकासमोर तपासावा, अशी मागणी मीटर बदलण्याआधीच करावी. बदलताना जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग, नव्याचे सुरुवातीचे रीडिंग, दोन्हींचे क्रमांक आणि सील यांचे फोटो घ्यावेत, आणि मीटर बदल अहवालाची प्रत मागावी. मुंबईतल्या इमारतींत मीटर तळमजल्यावरच्या सामायिक केबिनमध्ये असल्यामुळे हे काम घरमालक कामावर असताना परस्पर होऊन जाते. संस्थेच्या सचिवांना एक पत्र देऊन ठेवावे, की अमुक सदनिकेच्या मीटरबाबत वाद चालू आहे आणि तो बदलायला कोणी आल्यास सदनिकाधारकाला आधी फोन करावा. वॉचमनच्या वहीत येणाऱ्याचे नाव, ओळखपत्र क्रमांक आणि वेळ लिहिली जाईल, एवढेही पाहावे. चाळीत हे काम शेजाऱ्यांवर सोपवले तरी होते.

उत्तर आले नाही तर

कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण कक्षाकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पुढची पायरी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाची. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जावे लागते. अर्ज साध्या नमुन्यात असतो आणि मंचाने साठ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित असते. वकील नेमण्याची गरज नसते, ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो. वीज तोडण्याची भीती असेल, तर मुख्य अर्जासोबतच अंतरिम आदेशाची मागणी करावी, ती नंतरवर टाकू नये. अर्जाला तारीखवार एक पान जोडावे : बिल कधी आले, पत्र कधी दिले, सरासरीची रक्कम कधी कधी भरली. सुनावणीत सदस्य आधी तेच पान पाहतात. मुद्दे मांडण्यात मदत हवी असेल, तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेकडे विचारावे.

मंचाचा निर्णय विरुद्ध गेला, तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. मुंबईचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. येथे काही रक्कम अनामत भरावी लागते. लोकपालाचे जुने आदेश जाहीर उपलब्ध असतात, आणि आपल्यासारखे प्रकरण शोधून त्याचा दाखला देणे हे कलमांची यादी देण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

निकाल बाजूने लागला, तर जादा भरलेली रक्कम कलम ६२(६) प्रमाणे बँक दराने व्याजासह मागावी. हे व्याज आदेशात लिहिलेले नसेल, तर सहसा मिळत नाही, म्हणून अर्जाच्या शेवटच्या मागण्यांतच ते असावे. आदेश होऊनही बिल दुरुस्त झाले नाही, तर कलम १४२ खाली राज्य वीज नियामक आयोगाकडे अर्ज करता येतो. आयोगाचे कार्यालय कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आहे.